मॅस्टोडॉनवर गप्पांना बसताना: नव्या सोलापूरकरासाठी

दिवाळीत भाच्यानं मॅस्टोडॉनवर, म्हणजे ट्विटरसारख्या पण कुणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या समाजमाध्यमावर, खातं उघडलं आणि अर्ध्या तासात जुळे सोलापुरातून त्याचा फोन आला. "मामा, इथं तर कुणीच नाही की."

"तू कुणाला फॉलो केलंस?"

"कुणालाच नाही."

"मग दिसणार कोण?"

त्याची चूक नव्हती. बाकीच्या ॲपांनी सवयच तशी लावलीय. आत पाऊल टाकलं की ताट वाढून तयार, त्यातल्या निम्म्या भाज्या आपण न मागितलेल्या. इथं वाढपी नाही. ज्यानं त्यानं उठून आपलं पान वाढून घ्यायचं, आणि ते कळेपर्यंत पहिला आठवडा उपाशी जातो. बरेच जण त्याच आठवड्यात निघून जातात.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या दोन कारखान्यांचे कॉम्प्युटर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मॅस्टोडॉनवर नोव्हेंबर २०२२ पासून आहे. भाच्याला फोनवर तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं तेच खाली सलग लिहितोय. त्याला दोनच विषयांवर बोलायचं होतं, राजकारण आणि तंत्रज्ञान. आपल्याकडं कुठल्याही कट्ट्यावर तिसरा विषय असतोच कुठं, पाणी सोडलं तर. आणि पाणी पहिल्या विषयातच येतं.

आधी हे आहे काय

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. प्रत्येकाचे मानकरी वेगळे, पेलणारे खांदे वेगळे. पण वाट एकच आणि अडुसष्ट लिंगंही तीच. मॅस्टोडॉन साधारण असंच चालतं. हजारो सर्व्हर, म्हणजे लोकांची खाती आणि पोस्ट सांभाळणारे कॉम्प्युटर, आहेत. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. पण सगळे एकाच ठरलेल्या पद्धतीनं एकमेकांशी बोलतात, म्हणून या सर्व्हरवरचा माणूस त्या सर्व्हरवरच्या माणसाला सहज उत्तर देतो. त्या पद्धतीचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. मॅस्टोडॉन त्याआधीचं, २०१६ चं, ऑयगन रोख्को या जर्मनीतल्या तरुण प्रोग्रामरनं सुरू केलेलं. ॲक्टिव्हिटीपबवर बोलणाऱ्या या सगळ्या गोतावळ्याला फेडिव्हर्स म्हणतात.

ब्लूस्काय हे वेगळं प्रकरण. त्याची पद्धत वेगळी, नाव एटी प्रोटोकॉल. फेब्रुवारी २०२४ पासून ते आमंत्रणाशिवाय सगळ्यांना खुलं झालं. दिसायला ते जुन्या ट्विटरच्या जवळचं आहे आणि नवख्याला सोपं जातं. नॉस्टर म्हणून तिसरं एक आहे. तिथं खातं म्हणजे एक गुप्त किल्ली, आणि ती हरवली की परत मिळवून द्यायला कुणी नाही. एटीएमचा पिन डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवणाऱ्या माणसानं तिकडं जाऊ नये. मी स्वतः मॅस्टोडॉनवर बसतो, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दलच.

सर्व्हर निवडणं

इथं लोक विनाकारण अडतात. अधिकृत ॲप तुम्हाला थेट मॅस्टोडॉन डॉट सोशल या सगळ्यात मोठ्या सर्व्हरकडं नेतं. तिथं गेलात तरी बिघडत नाही. दुसरा निवडायचा असेल तर त्याचं 'अबाऊट' पान उघडा आणि चार गोष्टी बघा: चालवतं कोण, खर्च कुठून निघतो, नियम काय आहेत आणि कुठल्या सर्व्हरांशी त्यांनी बोलणं तोडलंय. राजकारणावर बोलणार असाल तर नियम खरंच वाचा. काही सर्व्हर फक्त विज्ञानाचे किंवा चित्रकारांचे असतात. तिथं रोज उठून महापालिकेवर लिहिलं तर चालक आधी गोड शब्दांत सांगतो, मग सांगत नाही.

बहुतेक सर्व्हर हौसेनं, वर्गणीवर चालतात. म्हणजे ते बंदही पडतात. माझा पहिला सर्व्हर असाच गेला. चालकानं दोन महिने आधी कळवलं होतं, पण तो मेल मी जाहिरात समजून वाचलाच नाही. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून खातं हलवलं. हलवताना फॉलोअर आपोआप नव्या घरी येतात, जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. आणि ही सोय जुना सर्व्हर चालू आहे तोवरच. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी सेटिंगमध्ये जाऊन आपण फॉलो करतो त्यांची यादी उतरवून घ्यायची. दोन मिनिटांचं काम आहे. दोन टप्प्यांचं लॉगिनही त्याच बैठकीत चालू करून टाका.

तुमचा पत्ता ईमेलसारखा दोन भागांचा असतो, आधी तुमचं नाव, मग सर्व्हरचं. कुणाला सांगताना दोन्ही सांगा. नुसतं नाव सांगणं म्हणजे रिक्षावाल्याला "पेठेत सोड" म्हणण्यासारखं. कुठल्या पेठेत?

पान वाढून घेणं

पहिल्या दिवशी चाळीस-पन्नास जणांना फॉलो करा, बिनधास्त. आवडलं नाही तर काढता येतं, कुणी मनावर घेत नाही. त्याहून उपयोगाचं म्हणजे हॅशटॅग फॉलो करणं. #मराठी, #सोलापूर, #लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली), जे हवं ते. देवनागरी हॅशटॅग चालतो. दोन शब्द जोडायचे तर मध्ये अधोरेषा द्या, #भारत_राजकारण असं, म्हणजे वाचायला सोपं जातं.

हॅशटॅगला इथं वजन आहे, कारण शोध मर्यादित आहे. २०२३ पर्यंत पोस्टच्या मजकुरातला शब्द शोधायची सोयच जवळपास नव्हती. आता आहे, पण ज्यांनी आपल्या पोस्ट शोधात यायला परवानगी दिली त्यांच्याच सापडतात. हॅशटॅग न लावता लिहिलेली पोस्ट तुमच्या फॉलोअरपलीकडं जायची असेल तर कुणीतरी ती बूस्ट करावी, म्हणजे आपल्या फॉलोअरना पुढं दाखवावी लागते. नव्या माणसाचे फॉलोअर तीन, त्यातला एक मामा. हिशेब तुम्हीच करा.

पोस्ट लिहायच्या चौकटीखाली भाषेचं बटण असतं. ते 'मराठी'वर ठेवा. न ठेवल्यास तुमचं मराठी लिखाण इंग्रजीच्या नावावर जमा होतं. मग जगभरच्या पोस्टींच्या यादीतून फक्त मराठी वाचू बघणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला भाषांतराचं बटणही येत नाही. आपल्या गावात हा प्रश्न जरा जास्तच येतो. भाच्याचा मित्र पूर्व भागातला. घरी तेलुगू, शाळा मराठी, दुकानात कन्नड आणि चिडला की हिंदी. तो एकाच पोस्टमध्ये तिन्ही-चारी भाषा मिसळायचा. बोलताना ते छान लागतं, पण इथं एका पोस्टला भाषेची एकच चिठ्ठी लागते. त्याला सांगितलं, प्रत्येक भाषेची वेगळी पोस्ट टाक. आता त्याच्या तेलुगू पोस्टला हैदराबादचे लोक येतात आणि मराठीला आम्ही.

तंत्रज्ञानापासून सुरुवात करा

राजकारणावर थेट उडी घेऊ नका. आधी आठ-पंधरा दिवस तंत्रज्ञानावर बोला. या गावात, म्हणजे फेडिव्हर्सवर, प्रोग्रामर मंडळी बख्खळ. यंत्राबद्दल कुणी काही सांगितलं की त्यांचे कान टवकारतात. तुमचं नाव त्यांच्या ओळखीचं होतं. पुढं राजकारणावर वाद झाला तर समोरच्याला तुम्ही माणूस म्हणून आधीच माहीत असता, आणि त्यानं बराच फरक पडतो.

माझी पहिली चाललेली पोस्ट चादरीची. कारखान्यात जुना जॅकार्ड माग आहे. वर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ, प्रत्येक पट्टीला भोकं. भोक आहे तिथं सुई आत जाते आणि तिचा धागा उचलला जातो, भोक नाही तिथं सुई अडते आणि धागा खालीच राहतो. अशा शेकडो पट्ट्या फिरल्या की चादरीवर मोर उमटतो. फोटो टाकून मी एवढंच लिहिलं: "आमच्या गावची चादर अजून पंचकार्डावर चालते. ही पट्टी म्हणजे एक ओळ. चूक झाली तर मोराची मान वाकडी."

रात्री बघतो तर उत्तरांची रांग. फ्रान्समधल्या एकानं लिहिलं की हा जॅकार्ड त्यांच्या ल्याँ शहरातला, १८०४ च्या सुमाराचा. दुसऱ्यानं सांगितलं, कॉम्प्युटरची कल्पना फार आधी मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी पंचकार्डाची कल्पना इथूनच उचलली. ते मला ठाऊक होतं, तरी "अच्छा" म्हटलं. एका निवृत्त बाईंनी विचारलं, फाटलेली पट्टी तुम्ही कशी दुरुस्त करता? त्यावर आमच्या मास्तरला, म्हणजे मागाच्या मिस्त्रीला, शेजारी बसवून मी चार पोस्ट लिहिल्या. पन्नाशीच्या त्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या कामाबद्दल सात समुद्रापलीकडून प्रश्न विचारत होतं. तो दर दहा मिनिटांनी येऊन विचारायचा, "त्या बाई काय म्हणाल्या?"

यातून घ्यायचं ते असं: मोठ्या विषयावर मत देण्यापेक्षा हाताखालची वस्तू दाखवा. 'एआय माणसाच्या नोकऱ्या खाणार का' यावर बोलणारे लाखभर आहेत. भाजीवालीच्या गाडीवर पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा डबा कसा चालतो, आणि गर्दीत तो ऐकू आला नाही तर ती काय करते, हे तुम्हीच सांगू शकता. यूपीआय २०१६ मध्ये आलं. परदेशातल्या अनेकांना दहा रुपयांच्या कोथिंबिरीचे पैसे फोननं देता येतात हेच नवल वाटतं.

फोटो टाकला की त्याचं वर्णन लिहा. ॲपमध्ये त्यासाठी जागा आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही असे बरेच लोक इथं आहेत, त्यांचा फोन ते वर्णन वाचून दाखवतो. वर्णन नसलेला फोटो बूस्ट न करणारी माणसंही पुष्कळ. 'फोटो' एवढंच लिहून भागवू नका. माझं असं होतं: "मागाच्या वर टांगलेली पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ, दोऱ्यानं एकमेकींना बांधलेल्या. प्रत्येक पट्टीवर गोल भोकांच्या ओळी. कडा तेलानं काळ्या."

एक सावधगिरी. आपण विंडोज वापरतो असं चुकूनही लिहू नका. लिहिलंत तर लिनक्सवाले घरी येतात.

आता राजकारण

आपल्याकडून इथं पहिली मोठी लाट आली नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं, त्याच्या निषेधात पुष्कळ भारतीयांनी मॅस्टोडॉन गाठलं. त्यातले बरेच पुढं गप्प झाले. माझा आपला अंदाज: ते तिथल्या रागासकट आले होते आणि इथं त्या रागाला बूस्ट देणारं यंत्र नव्हतं. इथं पोस्ट वेळेच्या क्रमानं दिसतात. तुम्ही जास्त जोरात ओरडलात म्हणून सर्व्हर तुम्हाला वर नेत नाही.

म्हणून राजकारण लिहायची रीत इथं बदलावी लागते. पहिलं, मजकुराच्या वर इशारा लावा. पोस्टच्या चौकटीत 'सीडब्ल्यू' किंवा इशाऱ्याचं चिन्ह असतं. तिथं "भारत, राजकारण, पालिका" असं लिहिलं की मूळ मजकूर त्यामागं घडी होऊन राहतो आणि ज्याला वाचायचाय तोच उघडतो. आपल्या लोकांना हे सुरुवातीला अपमानासारखं वाटतं, "माझं बोलणं काय अश्लील आहे का?" असं. मला उलटा अनुभव आला. इशारा वाचून जो उघडतो तो वाचायलाच आलेला असतो, त्याचं उत्तरही बरं असतं. सगळे सर्व्हर याचा आग्रह धरत नाहीत, तुमच्या सर्व्हरची रीत बघून घ्या.

दुसरं, 'सगळे' हा शब्द टाळा. भाच्याची पहिली पोस्ट होती, "सगळे चोर आहेत. या शहराचं काहीही होणार नाही." शून्य उत्तरं. यावर कुणी बोलणार तरी काय? आम्ही बसून ती परत लिहिली:

"उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात, क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास. आमच्या नळाला या वेळी पाणी चौथ्या दिवशी आलं, पहाटे साडेचारला, पाऊण तास. तुमच्या गावात किती दिवसांनी येतं आणि किती वाजता?"

इशारा लावला, "पाणी, स्थानिक राजकारण". हॅशटॅग दोन. यात कुणालाच शिवी नाही, पण राजकारण भरपूर आहे. पाणी शेतीला किती, शहराला किती, नदीत किती सोडायचं, जलवाहिनीला पैसा कुणी द्यायचा, सगळं त्या पाऊण तासात मावलंय. शेवटी प्रश्न आहे, म्हणून उत्तर देणाऱ्याला टेकायला जागा मिळते. पहिलं उत्तर नेदरलँड्सहून आलं: टीएमसी म्हणजे काय? भाच्यानं हिशेब करून सांगितलं, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २.८३ कोटी घनमीटर. समुद्राचं पाणी बाहेर ठेवण्यात आयुष्य गेलेल्या देशातला माणूस चौथ्या दिवशीच्या नळावर तासभर बोलत होता.

तिसरं, पक्षाचं नाव घ्यायचं तर घ्या, पण निर्णयाचं नाव आधी घ्या. कुठला ठराव, कुठला रस्ता, कुठल्या तारखेला. तारीख आली की समोरच्यालाही तारखेनंच उत्तर द्यावं लागतं.

भांडण झालंच तर

होणारच. त्यासाठी हत्यारं हाताशी ठेवा. म्यूट केलं की तो माणूस तुम्हाला दिसत नाही आणि त्याला ते कळतही नाही. ब्लॉक हे दार लावून घेणं. एखाद्या पोस्टखालच्या चर्चेत फार गर्दी झाली तर तेवढं संभाषणच म्यूट करता येतं, नाहीतर फोन रात्रभर वाजतो. शब्दांचे फिल्टर मला सगळ्यात आवडतात. निवडणुकीच्या निकालाच्या आठवड्यात मी पाच-सहा शब्द सात दिवसांसाठी फिल्टरला टाकतो. मुदत संपली की फिल्टर आपोआप उठतो.

कुणी धमकी दिली किंवा जातीधर्मावरून घाण लिहिली तर रिपोर्ट करा. रिपोर्ट तुमच्या सर्व्हरच्या चालकाकडं जातो, आणि तुम्ही खूण केलीत तर त्या माणसाच्या सर्व्हरकडंही. तो सर्व्हरच तसल्यांचा अड्डा निघाला तर तुमचा चालक अख्खा सर्व्हर तोडू शकतो. २०१९ मध्ये गॅब नावाच्या नेटवर्कनं मॅस्टोडॉनचं सॉफ्टवेअर उचललं तेव्हा पुष्कळ सर्व्हरांनी तेच केलं. सॉफ्टवेअर मोफत आहे, ते कुणीही वापरू शकतं. पण त्याच्याशी बोलायची सक्ती कुणावर नाही.

दुसऱ्याची पोस्ट पुढं धरून त्यावर आपली टिप्पणी लिहायची सोय मॅस्टोडॉननं बरीच वर्षं मुद्दाम दिली नव्हती. चारचौघांत एखाद्याची फजिती करायला ती फार वापरली जाते हे कारण. २०२५ मध्ये ती आली, पण आपली पोस्ट कुणी अशी वापरावी हे लिहिणारा ठरवू शकतो. तुम्ही नवीन आहात तर त्याच पोस्टखाली सरळ उत्तर द्या.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. इथं 'खासगी उल्लेख' नावाचा प्रकार आहे. पोस्टमध्ये ज्याचा पत्ता लिहाल त्यालाच ती दिसते. एका मित्राशी असं खासगीत बोलताना मी तिसऱ्याबद्दल लिहिलं की त्याला उजनीतलं ओ की ठो कळत नाही. आणि तो कोण हे नीट कळावं म्हणून त्याचा पूर्ण पत्ता टाकला. पत्ता टाकला म्हणजे त्यालाही पोस्ट गेली. दोन मिनिटांनी उत्तर आलं, "मी आहे की इथंच." मग चार दिवसांनी पार्क चौकात चहा पाजावा लागला.

या खासगी पोस्ट कुलूपबंद नसतात. सर्व्हरच्या चालकानं ठरवलं तर तो त्या वाचू शकतो. आधार क्रमांक, बँकेचं काही, घरातलं काही तिथं लिहू नका. पोस्ट पुसली तरी पुसल्याचा निरोप बाकी सर्व्हरांना फक्त जातो, प्रत्येकानं तो पाळलाच असेल याची हमी नाही.

कायदा तोच

सर्व्हर जर्मनीत आहे म्हणून आपण भारताबाहेर जात नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली होती, आठवत असेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ चा तिथं आधार घेतला ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. बाकीची कलमं आहेतच. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यात समाजात तेढ पसरवण्यासाठी कलम १९६ आहे, आणि बदनामीचं वेगळं. निवडणूक आयोगानं ठरवून दिलेल्या मुदतीत एक्झिट पोल प्रसिद्ध करायला लोकप्रतिनिधित्व कायद्याची बंदी आहे. गल्लीतल्या अंदाजाला एक्झिट पोल असं नाव देऊन टाकू नका. मी वकील नाही. पण लिहिताना एवढं डोक्यात असलं तर झोप नीट लागते.

भाच्याची ती पाण्याची पोस्ट पुढं लातूरला पोचली. तिथल्या एकानं लिहिलं, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तो दहावीत होता, घागरींच्या रांगेत उभं राहून गणितं सोडवायचा. मग अंबाजोगाईचं कुणीतरी आलं, मग धारवाडचं. परवा रात्री साडेदहाला परत फोन.

"मामा, लातूरचा विचारतोय तुमची टाकी किती लिटरची आणि चार दिवस पुरते कशी. सांगू का?"

"सांग की. लिटर सांग, गल्ली सांगू नको."